चहा-भाकरीचं प्रभुभोजन

ईश्वरविज्ञान शिकायला नगरला जाते, असं मी घरी सांगितलं तेव्हा आई ज्वारी निवडत होती. तिनं सुपातली नजर वर केली नाही.

"शिकून पाळक हुणार का?"

"होईन."

"बाई मानूस पाळक झालेली आपल्यात कुनी पाह्यली न्हाई."

"मी पण न्हाई पाह्यली. म्हणून तर जाते."

आईनं सूप पाखडलं. तिला वाटलं असणार, पोरगी दोन वर्षं शिकेल, मग एखादा शिक्षक नवरा बघून देऊ. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनाही बहुतेक तसंच वाटलं. प्रवेशासाठी शिफारस त्यांनीच केली. लहानपणी रविवारच्या शब्बाथशाळेत मला उभं करून वचनं म्हणून घेणारे तेच, आणि बक्षीस म्हणून खडीसाखर देणारेही तेच. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मंडळीतल्या बायकामुलांसाठी एक चांगली कार्यकर्ती तयार होवो, असं मागितलं. पाळक हा शब्द त्या प्रार्थनेत नव्हता. मी डोळे मिटूनच ते ध्यानात ठेवलं.

आमचं गाव तिसगावच्या जवळ. गावात आमची ख्रिस्ती आळी आहे, पत्र्याचं छप्पर असलेलं लहानसं देऊळ आहे. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. दिवाळीच्या सुमाराला आळीतली निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात, ती उन्हाळा लागल्यावर परत येतात. त्यामुळं नाताळचा तारा आमच्या देवळावर लागतो तेव्हा खाली म्हातारे आणि शाळेतली पोरं एवढीच असतात. बाकीची मंडळी कुठल्या तरी कारखान्याच्या हद्दीत, उसाच्या पाचटाच्या झोपड्यांत, कोप्यांमध्ये. माझे आईवडीलही तोडीला जायचे. वडील वारल्यावर आईनं कोयता ठेवला, पण चुलत्याचं घर अजून जातं.

माझ्या थोरल्या चुलतीला आम्ही मोठी आई म्हणतो. तोडीच्या तळावर प्रार्थना घ्यायची ती. तिला कुणी नेमलं नव्हतं. ती मिश्री लावायची, भांडायची, भजनाचा सूर हमखास वर नेऊन ठेवायची आणि मग बाकीच्यांना तिथपर्यंत पोचताना खोकला यायचा. प्रार्थनेच्या मध्येच डोळे उघडून "ए, ती शेळी सोड तिकडं" असंही म्हणायची. पण ती बसली की माणसं गोळा व्हायची. तिच्याजवळ एकच गोष्ट नव्हती, प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून वाटायचा पाव आणि द्राक्षरस. ते फक्त दीक्षा घेतलेल्या पाळकानं द्यायचं. पाळक महिन्याच्या पहिल्या रविवारी गावात देतात. तळावर कुणी येत नाही. म्हणजे आमच्या निम्म्या मंडळीला वर्षातला निम्मा काळ प्रभूच्या मेजावर जागा नव्हती. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणालाच ते विचित्र वाटत नव्हतं. मलाही नगरला जाईपर्यंत वाटलं नव्हतं.

नगरच्या वर्गात आम्ही निरनिराळ्या भागांतून आलेलो होतो. केरळचे, ओडिशाचे, एकजण बस्तरकडचा. माझ्या खोलीत मिझोरामची मुलगी होती. तिची मराठी मोडकी, माझी हिंदी तिच्यापेक्षा मोडकी. पहिल्या आठवड्यात मी तिला विचारलं, "तुमच्याकडं गावंच्या गावं ख्रिस्ती. तुमच्यात बाई पाळक असतील?" ती हसली. म्हणाली, "गाणं बाई, वर्गणी बाई, स्वयंपाक बाई, प्रार्थना बाई. पाळक पुरुष." शिकून पाळक होणार का, हा माझ्या आईचा प्रश्न तिलाही घरच्यांनी विचारला होता. त्या दिवसापासून आमचं जमलं.

मंडळीचा इतिहास शिकवायला एक तमिळ सर होते. ते बारीक आवाजात बोलायचे, पण शिकवायला लागले की शेकडो वर्षांपूर्वीचं भांडण शेजारच्या घरात चालल्यासारखं वाटायचं. एकदा त्यांनी सांगितलं, पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची मंडळी ज्या गोष्टींवरून एकमेकांपासून तुटली, त्यांत एक भांडण प्रभुभोजनातल्या भाकरीचं होतं. खमीर घातलेली हवी की बिनखमिराची. मोठमोठे धर्मगुरू त्यासाठी एकमेकांना शाप देत होते.

मी हात वर केला. "सर, बाजरीची चालेल का?"

वर्ग हसला. मी हसले नाही. म्हटलं, "आमच्या मराठी बायबलात प्रभूनं मोडली ती भाकरच आहे. पाव हा शब्द तिथं नाही. मग देवळात आम्हाला बेकरीतला पाव कडा कापून का देतात?"

सरही हसले नाहीत. "तू यावर निबंध लिही," म्हणाले. "उपासना आणि संस्कृती. पण पुस्तकं बघून लिहू नको. उपासना बघून लिही."

म्हणून मी त्या नाताळला तोडीच्या तळावर गेले.

मोठ्या आईची टोळी त्या साली आमच्याच जिल्ह्यातल्या कर्जतच्या बाजूला होती. मिझोरामची मैत्रीण बरोबर आली, कारण नाताळला घरी जाऊन परत येण्याएवढी सुट्टी नव्हती. मी महिनाभर आधी पाळकसाहेबांच्या मागं लागून त्यांच्याकडून शब्द घेतला होता. नाताळच्या दुपारी ते प्रभुभोजनाचं साहित्य घेऊन तळावर येणार होते. त्या दिवशी कारखान्यात काही दुरुस्ती निघाली आणि तोड बंद राहिली. मोठी आई म्हणाली, "बघ, देवानं सुट्टी दिली." कोप्यांच्या मधली जागा बायकांनी झाडून शेणानं सारवली. मुकादमानं ट्रॅक्टरवरची ताडपत्री अंथरायला दिली. तो ख्रिस्ती नव्हता, टोळीतली निम्मी माणसंही नव्हती, पण सणाला सगळे आंघोळी करून आले. मैत्रिणीनं ढोलकी मागून घेतली आणि तिच्या गावचा ठेका धरला. आमच्या भजनाला तो ठेका जरा जड पडत होता. पण मोठ्या आईचा सूर त्यामुळं पहिल्यांदाच जमिनीवर राहिला.

दुपार कलली. मी फोन केला.

पाळकसाहेब म्हणाले, "गावातली उपासना लांबली, मग दोन घरी आजारी माणसं होती. आता निघालो तर पोचायला अंधार पडेल. तू प्रार्थना घे, संदेश दे. प्रभुभोजन पुढच्या महिन्यात करू."

"पुढच्या महिन्यात टोळी दुसऱ्या फडावर गेलेली असेल, साहेब."

"जिथं असेल तिथं येईन. तू समजावून सांग त्यांना. समजूतदार आहेत."

ते खोटं बोलत नव्हते. आजारी माणसं खरंच होती. पण समजूतदार हा शब्द मला झोंबला. वर्षानुवर्षं आमच्या माणसांकडून समजूतदारपणाच घेतला होता.

मी ताडपत्रीवर येऊन सांगितलं, पाळकसाहेब येत नाहीत. एकदोन बायका उठून चुलीकडं निघाल्या. मोठी आई मात्र हलली नाही.

"मंग तू दी," ती म्हणाली.

"मला अधिकार न्हाई, मोठे आई."

"कुनाला हाय?"

"पाळकाला."

"पाळक कुठं हाय?"

ती आवाज न चढवता बोलत होती, आणि तिच्या बाबतीत हे नवीन होतं. "तुझा चुलता गेल्या साली तळावरच गेला. आठ दिस तापानं पडून हुता. मला म्हनायचा, प्रभुभोजन मिळंल का. मी म्हनायची, मिळंल, साहेब येत्याल. मेल्यावर गावात नेला तवा साहेबांनी लई चांगली प्रार्थना केली. रडले बी. पर जित्याला द्यायचं ते मेल्याला देता येत न्हाई. तू शिकतीस ना? मंग सांग, ह्यात मी काय चुकीचं बोलले?"

मी मैत्रिणीकडं पाहिलं. तिला सगळं समजलं नव्हतं, पण बरंच समजलं होतं. ती म्हणाली, "मी कर म्हणत नाही. नको पण म्हणत नाही. तू उभी राहिली तर मी बाजूला उभी."

मला काही दर्शन झालं नाही, आतून आवाज आला नाही. मला राग आला होता. त्या रागाच्या भरात मी उभी राहिले, हे लपवायचं कारण नाही. मी म्हटलं, "भाकर आना."

एका चुलीवर बाजरीची भाकर नुकतीच फुगली होती. ती आली. द्राक्षरस कुठून आणणार? देवळात मनुका उकळून करतात, इथं मनुकाही नव्हत्या. गुळाचा कोरा चहा होता. तो तांब्यात ओतला. मी उपासनेचे शब्द म्हणायला लागले आणि मध्येच विसरले, तेव्हा पुढचे शब्द बसलेल्या माणसांनीच म्हटले. त्यांना पाठ होते. भाकर इतकी गरम होती की मोडताना बोटं भाजली. मी तुकडा पुढं करत गेले. ज्यानं हात पुढं केला त्याच्या हातावर ठेवला. कुणाचा बाप्तिस्मा झालाय आणि कुणाचा नाही, हे मी विचारलं नाही. मोठ्या आईनं तुकडा घेतला, डोळ्यांना लावला, आणि खाताना तिचं तोंड वाकडं झालं. ती रडत होती.

मुकादमाच्या भाच्यानं मोबाईलवर ते सगळं टिपलं होतं. आम्ही नगरला परतायच्या आधी ते तिसगावात, पाथर्डीत आणि कुठंकुठं पोचलं. कुणी तरी वर लिहिलं होतं, चहा-भाकरीचं प्रभुभोजन. लोक त्याला हसले. मला ते नाव खटकलं नाही. जे होतं तेच लिहिलं होतं.

आमच्या मंडळीत बाईला दीक्षा देऊ नये असा नियम कुठं लिहिलेला नाही. फक्त आजवर कुणाला दिलेली नाही. त्यामुळं पंचकमिटीनं मला बोलावलं तेव्हा बाई म्हणून कुणी एक शब्द काढला नाही. दीक्षा नसताना प्रभूचं मेज चालवलं, एवढाच आरोप. देवळामागच्या खोलीत पंच ओळीनं बसले होते. पाळकसाहेब कोपऱ्यात.

एकानं विचारलं, "चहा वापरला हे खरं?"

"खरं."

"बाप्तिस्मा नसलेल्यांना दिलं?"

"हात पुढं केला त्याला दिलं."

"तुला हे कुणी शिकवलं?"

"तुम्हीच. ह्याच देवळात. प्रभू जेवायला कुणाबरोबर बसायचा ते इथंच ऐकलंय मी."

पंच चिडले. पाळकसाहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. ते माझ्याशी बोलले तेव्हा आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

"बाळ, तळावर कोण कोण येतं तुला माहीत आहे. प्रार्थनेचं तेल विकतात, आजार बरा करतो म्हणतात, बायकांच्या अंगावरचं सोनं काढून नेतात. तेही स्वतःला देवाची माणसं म्हणतात. दीक्षा कशाला असते? कोण कुणाला जबाबदार आहे ते कळावं म्हणून. आज तू नियम मोडलास, तुझं मन चांगलं आहे. उद्या तुझं नाव सांगून दुसरा मोडेल. त्याला मी कसा अडवू?"

हा मुद्दा खरा होता, आणि आजही आहे. मी म्हटलं, "साहेब, ते लोक तळावर येतात कारण तिथं दुसरं कुणी येत नाही. तुम्ही या. नाही तर मला दीक्षा द्या आणि जबाबदार धरा. दोन्ही करणार नसाल, तर नियम कुणासाठी राखताय?"

त्यावर निकालच आला. येत्या रविवारी उपासनेत उभं राहून मंडळीची क्षमा मागायची. मागितली तर गोष्ट मिटली. नाही मागितली तर दीक्षेसाठी मंडळीची शिफारस मिळणार नाही, आणि तोवर मला प्रभुभोजनही बंद.

मी नगरला जाऊन इतिहासाच्या सरांना गाठलं. ते वर्गात ज्यांच्याविषयी जीव ओतून बोलायचे, त्या सगळ्यांनी कुठला ना कुठला नियम मोडलेला होता. सर माझ्या बाजूनं एखादा शब्द टाकतील असं मला वाटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "संस्थेला मंडळ्यांशी संबंध ठेवावे लागतात."

"मग तुम्ही वर्गात शिकवता ते कशाला?"

"इतिहासातली माणसं मेलेली असतात," ते म्हणाले. "त्यांची बाजू घेणं सोपं जातं." निबंधाला त्यांनी उत्तम गुण दिले. त्या गुणांचा मला आनंद झाला नाही, आणि मी त्यांना तसं सांगितलं.

शनिवारी घरी आले. आईनं जेवायला वाढलं. स्वतः जेवली नाही.

"माग माफी," ती म्हणाली. "दोन शब्दांनी काय झिजतंय? मंडळीनं वाळीत टाकलं तर मला माती द्यायला कोन यील?"

"मी देईन."

"तुला येतं का ते?"

"येतं. तेच शिकतेय."

ती उठून भांडी घासायला गेली. आदळआपट मुद्दाम जोरात चालली होती.

रविवारी देऊळ भरलेलं होतं. तोडीच्या दिवसांत इतकी माणसं कधी नसतात. शेजारच्या गावांतूनही लोक आले होते. मी आईशेजारी, बायकांच्या बाजूला, तिसऱ्या ओळीत बसले. संदेश झाल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "आपल्या एका बहिणीला मंडळीपुढं दोन शब्द बोलायचे आहेत."

मी बसून राहिले.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. आईनं माझ्या कमरेत बोट खुपसलं, ऊठ म्हणून. मी हलले नाही. उभं राहून भांडायचं असं मी रस्त्यानं ठरवत आले होते, चार चांगली वाक्यंही जुळवली होती. पण उभं राहिलं असतं तर बोलावल्यावर उठल्यासारखं झालं असतं. मी हात मांडीवर ठेवले आणि समोर बघत राहिले. पत्रा तापून तडतडत होता. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. मग त्यांनी गीताचा नंबर सांगितला.

मग प्रभुभोजन झालं. पावाच्या तुकड्यांचं ताट ओळीतून ओळीत फिरत आमच्यापर्यंत आलं. पंचांतले एकजण ते धरून होते. त्यांनी मला वगळलं आणि ताट आईपुढं केलं. आई ताटाकडं बघत बसली. माझ्या आईनं आयुष्यात कधी पंचांपुढं मान वर केली नव्हती, तेव्हाही केली नाही. मान खाली ठेवूनच तिनं ताट हातानं हळूच पुढं सरकवलं. घेतलं नाही. घरी आल्यावर मला म्हणाली, "तुझ्यामुळं माझं बी गेलं." पण त्या दिवशी तिनं सणासारखं वाटण वाटून रस्सा केला.

माझं शिक्षण पूर्ण झालं. पदवी मिळाली, दीक्षा नाही. मैत्रीण तिच्या गावी गेली. तिथं मुलांना शिकवते, गायनमंडळ चालवते, तिचीही दीक्षा अडलेली आहे. आम्ही फोनवर एकमेकींच्या पंचांना नावं ठेवतो. मी पाथर्डीच्या एका खाजगी शाळेत शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी तोडीच्या तळांवर जाते. मेज चालवते. लपून चालवत नाही. तेल विकणारे आता मला बघून दुसरीकडं वळतात. दर वर्षी दीक्षेसाठी अर्ज करते. मुलाखतीला बोलावतात, चहा देतात, पुढच्या वर्षी बघू म्हणतात. एकदा एका वडीलधाऱ्यानं विचारलं, "तुम्ही मंडळी सोडून स्वतःचं वेगळं का काढत नाही?" मी म्हटलं, "माझीच मंडळी मी का सोडू?"

गेल्या हंगामात आमच्या मंडळीचे नवे पाळक तळावर आले. तरुण आहेत. दोन वेळा आले, साहित्य घेऊन. पहिल्यांदा आले तेव्हा मी तिथं होतेच. त्यांनी मला बाजूला बसायला सांगितलं, आणि मी बसले, कारण लोकांना मिळत होतं. मोठी आई त्यांना म्हणाली, "सलाम साहेब, बसा. आदी आमची बाई प्रार्थना करंल, मंग तुमी." ते घुटमळले. मग पोत्यावर बसले.

आमचे जुने पाळकसाहेब आता निवृत्त आहेत. परवा पाथर्डीच्या स्टँडवर भेटले. थकले आहेत. मी सलाम केला, त्यांनी डोक्यावर हात ठेवला.

"अजूनही मी म्हणतो, तू चुकलीस," ते म्हणाले.

"आणि मी अजूनही म्हणते, नाही."

"यंदा अर्ज केलास?"

"केला."

"ते देणार नाहीत."

"मी पुढच्या वर्षी परत करीन. तुम्ही शिफारस लिहून द्या ना. आता तर तुम्हाला कुणी काही विचारणार नाही."

ते हसले, पण हो म्हणाले नाहीत. तिसगावची जीप लागली होती. आत दाटी होती. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, सरकून मला जागा केली, आणि म्हणाले, "चहाचं मला अजून पटत नाही. भाकरीचं एकवेळ समजू शकतो." मी म्हटलं, "का? सांगा ना." जीप निघाली. तिसगाव येईपर्यंत आम्ही दोघं भांडत होतो.